विषाणू आणि तंतुकणिका : एका ग्रंथाची प्रस्तावना

इसवी सन १८९८ या एकाच वर्षी जीवशास्त्राच्या दफ्तरात दोन नोंदी झाल्या, आणि त्या दोन नोंदींचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंका त्या करणाऱ्यांपैकी कोणालाही आली नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे मार्टिनस बायेरिंक याने तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाचा रस जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतून गाळून पाहिला, गाळल्यानंतरही तो रस रोग उत्पन्न करतो आणि जिवंत रोपात शिरल्यावर वाढतो असे दाखविले, व त्या अदृश्य कारणासाठी ‘व्हायरस’ ही संज्ञा योजिली. आणि बर्लिनमध्ये कार्ल बेंडा याने शुक्रजंतूंच्या उत्पत्तीचा अभ्यास करीत असता पेशीद्रव्यात विखुरलेल्या, कोठे धाग्यासारख्या तर कोठे कणासारख्या दिसणाऱ्या रचनांना ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले, ज्यांना आपण मराठीत तंतुकणिका म्हणतो. त्यानंतर या दोन विद्यांचे संसार वेगवेगळे थाटले गेले. विषाणूंचा विचार रोगवैद्यकाच्या अंगणात होऊ लागला, तंतुकणिकांचा जीवरसायनाच्या. दोन्हीकडील विद्वानांच्या परिषदा वेगळ्या, नियतकालिके वेगळी आणि पाठ्यपुस्तकेही वेगळी. वस्तुतः ज्या पेशीत विषाणू शिरतो त्याच पेशीत तंतुकणिका नांदत असतात, आणि त्या दोघांची गाठ पडल्यावाचून कोणतेही विषाणुजन्य दुखणे पुरे होत नाही. त्या गाठीचा वृत्तांत हाच प्रस्तुत ग्रंथाचा विषय होय.

तंतुकणिकांविषयी सामान्य सुशिक्षित वाचकाला जे ठाऊक असते ते शालेय पुस्तकातील एका वाक्यापुरते असते: त्या पेशीची ऊर्जाकेंद्रे होत. हे वाक्य खरे आहे, आणि ते सिद्ध करण्यासाठी फार मोठी माणसे झिजली आहेत. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान याने, आणि तिकडे हार्वर्ड येथे सायरस फिस्के व आपले आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे एटीपी हे ऊर्जावाहक द्रव्य शोधून काढले. चाळिशीच्या दशकाअखेर यूजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी प्राणवायूच्या साहाय्याने होणारी त्याची निर्मिती तंतुकणिकांतच घडते असे दाखवून दिले. आणि १९६१ साली पीटर मिचेल याने, तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंस धनभारित हायड्रोजन-कणांचा जो असमतोल राखला जातो त्याच्याच दाबावर हा सारा कारखाना चालतो, असा सिद्धांत मांडला, जो प्रथम बहुतेकांनी अमान्य केला आणि ज्यासाठी १९७८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूला स्वतःचे चयापचय नाही, त्याला लागणारी ऊर्जा त्याने दुसऱ्याच्या खजिन्यातूनच घ्यावयाची. तेव्हा त्याचे आणि तंतुकणिकेचे नाते लुटारूचे व लुटल्या जाणाऱ्या खजिन्याचे असावे, अशी कल्पना कोणाचीही होईल. ती चुकीची नाही, पण ती फार अपुरी आहे, आणि तिच्यावरच समाधान मानल्यामुळे या विषयातील अत्यंत विलक्षण भाग आपल्या दृष्टीआड राहतो.

कारण गेल्या तीन दशकांत असे निदर्शनास आले आहे की पेशीचे दोन सर्वांत गंभीर निर्णय तंतुकणिकांच्या पटलावर घेतले जातात. पहिला निर्णय मरणाचा. पेशी बिघडली वा तिच्यात परका शिरला, तर तिने शिस्तीने स्वतःचा अंत करून घ्यावा, अशी व्यवस्था बहुपेशीय प्राण्यांत आहे. १९९६ साली शियाओडोंग वांग व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की या आत्मविसर्जनाचा इशारा सायटोक्रोम-सी हे प्रथिन देते. श्वसनाच्या साखळीत इमानाने विद्युत्कण वाहून नेणारे हे प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्यपटलाला छिद्रे पडताच बाहेर पेशीद्रव्यात येते आणि मृत्यूचे फर्मान बजावते. दुसरा निर्णय हाकाटीचा. शत्रू आल्याची खबर शेजारच्या पेशींना द्यावयाची की नाही, आणि द्यावयाची तर किती जोराने, हेही २००५ सालापासून आपल्याला तंतुकणिकांच्याच पटलावर ठरताना दिसते. यास्तव माझे म्हणणे असे की विषाणू तंतुकणिकेजवळ जातो तो मुख्यतः इंधनासाठी जात नाही. पेशीने जगावे की मरावे, ओरडावे की गप्प राहावे, हे ठरविण्याचा अधिकार जेथे आहे तेथे तो जातो, आणि तो अधिकार आपल्या हाती घेऊ पाहतो. पुढील सर्व प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत.

हाकाटीची ही व्यवस्था कशी चालते हे जरा जवळून पाहणे अवश्य आहे. पेशीत शिरलेल्या आरएनए-विषाणूची नक्कल होत असता जे दुपदरी धागे तयार होतात, त्यांची ठेवण पेशीच्या स्वतःच्या आरएनएहून निराळी असते, आणि रिग-आय नावाचे एक पहारेकरी प्रथिन ती ठेवण ओळखते. ओळख पटली म्हणजे रिग-आय ही वर्दी परस्पर केंद्रकाकडे नेत नाही. ते तंतुकणिकेच्या बाह्यपटलाशी येते, जेथे मॅव्हस नावाचे प्रथिन आपले शेवटचे टोक पटलात रुतवून उभे असते. वर्दी पोचताच मॅव्हसचे रेणू एकमेकांना बिलगतात, वळलेला रेणू न वळलेल्याला आपल्यासारखा वळवून घेतो, आणि बघता बघता त्यांचे लांब तंतू तयार होतात; या तंतूंच्या आधाराने निघालेला हुकूम केंद्रकात पोचतो व इंटरफेरॉनची निर्मिती सुरू होते. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी लंडन येथे १९५७ साली शोधलेले हे द्रव्य पेशीबाहेर पडून आसपासच्या पेशींना सावध करते. तापात अंग मोडून येते, भूक जाते, अंथरुणातून उठवत नाही, त्या सर्व अनुभवांत या इंटरफेरॉनचा वाटा मोठा आहे. मॅव्हसचा शोध २००५ साली चार प्रयोगशाळांनी एकमेकींच्या नकळत लावला, यावरून तो लागण्याची वेळ किती परिपक्व झाली होती हे ध्यानात येईल.

मॅव्हस ही ५४० अमिनो आम्लांची साखळी आहे. ‘सी’ प्रकारच्या काविळीचा विषाणू, जो १९८९ साली ओळखला गेला, यकृताच्या पेशीत आपली सर्व प्रथिने प्रथम एकाच लांबलचक साखळीच्या रूपात बनवितो आणि मग आपल्याच एका विकराकडून तिचे तुकडे करून घेतो. हे कात्रीसारखे विकर आपले घरचे काम करता करता मॅव्हसच्या साखळीत नेमके ५०८व्या स्थानावरील सिस्टीन या आम्लापाशी छेद घेते. एवढ्या छेदाने मॅव्हसचे फारसे काही बिघडत नाही. त्याचा मोठा भाग अखंड राहतो, रिग-आयला ओळखणारे त्याचे अंगही जागच्या जागी असते. तुटते ती फक्त पटलात रुतलेली शेपटी. परंतु शेपटी तुटलेला मॅव्हस तंतुकणिकेवरून सुटून पेशीद्रव्यात भरकटतो, आणि तंतुकणिकेवर नसलेल्या मॅव्हसच्या शब्दाला काही किंमत उरत नाही. पहारेकरी जागा आहे, वर्दीही दिली गेली आहे, पण ती घेणारा आपल्या आसनावर नाही! या विषाणूची लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्याच्या कारणांपैकी हे एक प्रबळ कारण असले पाहिजे. अशा रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांत छेदलेला मॅव्हस प्रत्यक्ष सापडला आहे. २०११ साली उपचारात आलेली टेलाप्रेव्हिर व बोसेप्रेव्हिर ही औषधे याच विकराला जखडून टाकतात. ती शोधली गेली विषाणूची स्वतःची साखळी कापली जाऊ नये म्हणून, परंतु प्रयोगशाळेतील पेशींत असेही दिसून आले की या विकराला अटकाव केला म्हणजे मॅव्हस पुनश्च तंतुकणिकेवर आपल्या जागी येतो.

आता ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू पाहा. कुळाने तो ‘सी’ विषाणूचा कोणी लागत नाही. त्याचा प्रवेश दूषित पाण्यावाटे, ‘सी’चा रक्तावाटे. तथापि २००७ साली असे आढळले की तोही मॅव्हसच कापतो, मात्र निराळ्या जागी, आणि त्याच्या कात्रीला तर तंतुकणिकेच्या पटलात रुतणारी स्वतःची शेपटीच आहे, म्हणजे जेथे कापावयाचे तेथे आधी जाऊन बसण्याची तजवीज तिच्या घडणीतच झालेली आहे. दोन अनोळखी वंशांनी स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी घाव घालावा, याहून त्या ठिकाणाच्या महत्त्वाचा दुसरा पुरावा तो कोणता?

मरणाच्या निर्णयाचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे सर्व विषाणूंची इच्छा एक नाही. सायटोमेगॅलो नावाचा नागीण-कुळातील विषाणू भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात जन्मभर राहतो, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. ज्याला इतका दीर्घ मुक्काम करावयाचा आहे, त्याला आपले घर मोडून चालणार नाही. म्हणून त्याचे एक प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्यपटलावर जाऊन तेथे छिद्रे पाडणाऱ्या बॅक्स या प्रथिनाला निकामी करून ठेवते. आणि एवढ्याने न भागून, त्याचा एक लांब आरएनए, जो कोणत्याही प्रथिनाचा आराखडा नाही, श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाला बिलगून राहतो व संकटातही एटीपीची निर्मिती ढळू देत नाही. ज्याला आपण आक्रमक म्हणतो तो येथे तंतुकणिकेची अक्षरशः निगा राखतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण मला या संपूर्ण विषयातील सर्वांत मनोज्ञ वाटत आले आहे.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे वर्तन याच्या उलट. त्याचा मुक्काम थोड्या दिवसांचा, आणि पेशीच्या भवितव्याशी त्याला फारसे कर्तव्य नाही. त्याच्या पीबी-१-एफ-२ या चिमुकल्या प्रथिनाचा छडा २००१ साली लागला. नव्वदच्या आसपास अमिनो आम्लांचे हे प्रथिन तंतुकणिकेत शिरून तिचा विद्युत्-असमतोल ढासळविते, आणि विशेषतः संरक्षक पांढऱ्या पेशींना मरणाच्या वाटेला लावते. १९१८ च्या ज्या साथीने मुंबई इलाख्यात घरेच्या घरे ओस पाडली, त्या साथीच्या विषाणूत हे प्रथिन होते, आणि त्यातील ६६व्या स्थानावर सेरीन हे आम्ल होते; पुढे उंदरांवरील प्रयोगांत या एका आम्लाच्या फरकाने विषाणू अधिक मारक होतो असे आढळले. उलटपक्षी, २००९ साली ज्या स्वाइन फ्लूने पुण्यातील शाळा व चित्रपटगृहे बंद पाडली, त्याच्या विषाणूत हे प्रथिन अखंड स्वरूपात नव्हतेच. १९१८ च्या संहाराचे खापर एकट्या या प्रथिनावर फोडता येणार नाही. अनेक कारणांच्या जुडग्यातील ते एक कारण होय.

यावरून एखादा वाचक असा नियम बांधू पाहील की दीर्घकाळ राहणारा विषाणू तंतुकणिका जपतो आणि अल्पकाळ राहणारा ती मोडतो. हा नियम पुष्कळ उदाहरणांत लागू पडतो, परंतु त्याला कायद्याचा दर्जा देऊ नये. वर सांगितलेला ‘अ’ काविळीचा विषाणू कधीच चिवटपणे राहत नाही, तरी तो हाकाटीचा आवाज दाबण्यात ‘सी’ विषाणूच्या तोडीस तोड आहे. आणि तंतुकणिकांच्या आकाराचा प्रश्न तर या नियमाला मुळीच जुमानत नाही. तंतुकणिका स्थिर नसतात; त्या एकमेकींत मिळतात, पुन्हा विभागतात, आणि ड्रप-१ हे प्रथिन या विभागणीचे काम करते. ‘बी’ व ‘सी’ काविळीचे विषाणू ड्रप-१ ला चेतवून तंतुकणिकांचे तुकडे पाडतात व जखमी तुकडे पेशीकडूनच नष्ट करवितात. डेंग्यूचा विषाणू त्याच ड्रप-१ ला अडवून तंतुकणिका लांबच लांब करतो, असे काही प्रयोगशाळांना आढळले, तर दुसऱ्यांना तोच विषाणू तंतुकणिकांना जोडणारी प्रथिने कापताना दिसला. असा विरोध आढळला म्हणजे कोणत्या पेशींवर प्रयोग झाला हे आधी विचारावे. विषाणूंचे बहुतेक प्रयोग कर्करोगाच्या गाठींपासून वाढविलेल्या पेशींवर होतात, ज्यांना साखरेने भरलेल्या द्रवात ठेवलेले असते आणि ज्या आपली बरीचशी ऊर्जा तंतुकणिकांवाचूनच भागवितात. तंतुकणिकांवरील आघाताची खरी किंमत हृदयाच्या, स्नायूंच्या वा मेंदूच्या पेशीला जशी मोजावी लागते तशी या पेशींना मोजावी लागत नाही. हा विवेक सुटल्यामुळे या विषयावरील कित्येक निबंध मला अकारण आत्मविश्वासाने लिहिलेले वाटतात.

काही विषाणू तंतुकणिकेवर प्रत्यक्ष बिऱ्हाड थाटतात. न्यूझीलंडमध्ये गवताची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीत सापडलेला फ्लॉक हाउस विषाणू हे त्याचे उत्तम उदाहरण. विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता, या विषाणूने पछाडलेल्या तंतुकणिकेच्या दोन पटलांमधील फट ठिकठिकाणी फुगलेली दिसते, आणि त्या फुगवट्यात सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या गोल पिशव्या ओळीने लागलेल्या दिसतात. प्रत्येक पिशवी म्हणजे बाह्यपटलच आत ढकलून केलेली खोली. तिला बाहेर पेशीद्रव्याकडे उघडणारी अरुंद मान असते, आणि २०१७ साली त्या मानेवर १२ पाकळ्यांच्या मुकुटासारखी प्रथिनरचना बसलेली दिसली. या खोलीत, पहारेकऱ्यांच्या नजरेआड, विषाणूचा आरएनए आपल्या नकला करवून घेतो. मात्र येथेही एक प्रयोग विचारात पाडणारा आहे. २००३ साली संशोधकांनी या विषाणूच्या मुख्य प्रथिनाचा पत्ता बदलून यीस्टच्या पेशीत त्याला दुसऱ्याच एका पटलाकडे पाठविले, तेव्हा नकलांचे काम अडले तर नाहीच, उलट अधिक जोमाने चालले. तंतुकणिकेची निवड या विषाणूने का केली असावी, याची चर्चा मी सहाव्या प्रकरणात विस्ताराने केली आहे.

या वैराचे मूळ फार मागे, पेशीच्याही पलीकडे जाते. बेंडाच्या आठ वर्षे आधी, १८९० साली, लाइपझिगच्या रिचर्ड आल्टमान याने पेशीतील हे कण म्हणजे पेशीच्या आत राहणारे स्वतंत्र मूलजीव होत असे प्रतिपादन केले आणि समकालीनांचा उपहास ओढवून घेतला. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी तंतुकणिका हे दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत वस्तीला आलेल्या जिवाणूंचे वंशज होत, हा विचार भक्कम पायावर उभा केला. त्या जिवाणूंची सनद आजही तंतुकणिकेजवळ आहे: माणसात ती १६,५६९ अक्षरांची असून १९८१ साली केंब्रिज येथे संपूर्ण वाचली गेली, आणि तीत केवळ ३७ जनुके उरली आहेत. आता, जिवाणूंना विषाणूंचा उपद्रव पृथ्वीवर फार प्राचीन काळापासून आहे. तेव्हा १९८७ साली जे दिसून आले त्याचे नवल वाटते आणि वाटतही नाही: तंतुकणिकेच्या जनुकांची नक्कल उतरविणारे विकर जिवाणूच्या विकराशी जुळत नाही, ते जिवाणूंना खाणाऱ्या टी-७ व टी-३ या विषाणूंच्या विकराशी जुळते. म्हणजे आपल्या प्रत्येक श्वासामागे जे यंत्र चालते त्याची एक मुख्य कळ फार पूर्वी विषाणूंकडून आलेली आहे. बुरशींच्या तंतुकणिकांत तर आजही असे विषाणू आहेत की ज्यांना कवच नाही, ज्यांच्या आरएनएची लांबी अवघी अडीच हजार अक्षरांच्या आसपास आहे, आणि ज्यांचा सारा जन्म तंतुकणिकेच्या आतच जातो. या प्राचीन परकेपणाचा पेशीला पुरता विसर पडलेला नाही. विषाणूच्या आघाताने तंतुकणिकेतील डीएनए बाहेर सांडला की पेशीचे पहारेकरी त्याला परक्याचाच समजतात आणि हाकाटी सुरू करतात. नागिणीच्या कुळातील एक विषाणू तो डीएनए आरंभीच नष्ट करून टाकतो, हे या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या साधर्म्याची जबर किंमत माणसाने एकदा मोजली आहे. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ‘बी’ काविळीवरील फियालुरिडीन या औषधाची चाचणी १५ रुग्णांवर चालू होती. विषाणूच्या डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराला खोटे अक्षर पुरवून फसवावे, असा त्या औषधाचा हेतू. परंतु तंतुकणिकेच्या डीएनएची नक्कल करणारे विकरही त्या खोट्या अक्षराला फसले, आणि नवीन डीएनएत ते शिरत गेले. सुरुवातीचे आठवडे सर्व काही ठीक दिसले. पुढे रक्तात आम्ल साचू लागले, यकृते निकामी झाली, औषध थांबविल्यावरही बिघाड थांबला नाही. पाच रुग्ण दगावले आणि दोघांचे प्राण यकृत बदलून वाचवावे लागले. प्राण्यांवरील चाचण्यांत याची पूर्वसूचना मिळाली नव्हती. हे औषध आत नेणारे द्वार माणसाच्या तंतुकणिकेच्या पटलात असते आणि उंदराच्या नसते, असा एक खुलासा पुढे मिळाला. त्या १५ माणसांचे ऋण प्रत्येक विषाणुविरोधी औषधावर आहे असे मी मानतो, कारण आज असे कोणतेही नवे औषध तंतुकणिकांच्या कसोटीला लावल्याशिवाय पुढे सरकत नाही.

कोविडच्या विषाणूविषयी गेल्या काही वर्षांत जे लिहिले गेले त्याचा नीरक्षीरविवेक करणे अद्याप कठीण आहे. त्याचे ओआरएफ-९-बी हे प्रथिन तंतुकणिकेच्या पटलावरील टॉम-७० या द्वारपाल-प्रथिनाला चिकटते, हे २०२० सालीच स्पष्ट झाले, आणि मॅव्हसची हाक पुढे पोचविण्यात टॉम-७० चा हात असल्यामुळे या चिकटण्याचा अर्थही लावता येतो. २०२३ साली मृत रुग्णांच्या अवयवांची जी तपासणी प्रसिद्ध झाली तीत, फुप्फुसातील तंतुकणिकांची जनुके पूर्ववत होऊ लागली असताही हृदयादी अवयवांतील जनुके दबलेलीच राहिल्याचे आढळले. आणि आजार उलटून महिनोन्महिने झाले तरी ज्यांना जिना चढवत नाही, ज्यांचे तपासणीचे कागद निर्दोष असतात आणि घरचे लोक ज्यांना ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगतात, अशा रुग्णांच्या स्नायूंत व्यायामानंतर तंतुकणिकांचे काम मंदावते, असे अलीकडे ॲम्स्टरडॅम येथे दाखविले गेले आहे. त्या थकव्याचे पेशीतील मूळ जोवर पुरते उलगडत नाही तोवर वैद्यांनी निदान त्या रुग्णांवर अविश्वास दाखवू नये, हे मी येथे आग्रहाने नमूद करून ठेवतो.

ग्रंथाच्या मांडणीविषयी दोन शब्द. पहिली दोन प्रकरणे तंतुकणिकेच्या रचनेची व श्वसनसाखळीची असून रसायनाचा सराव नसलेल्या वाचकाला ती जड वाटतील. त्याने सरळ तिसऱ्या प्रकरणापासून, म्हणजे ‘सी’ काविळीपासून, आरंभ करावा, आणि मॅव्हसची गोष्ट समजल्यावर मागे यावे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी मात्र क्रम मोडू नये. प्रथिनांची व विकरांची नावे मी आंतरराष्ट्रीय व्यवहारात आहेत तशीच देवनागरीत उतरविली आहेत, कारण त्यांना नवे मराठी वेष चढविले तर वाचकाला मूळ निबंधांपर्यंत पोचणे अशक्य होईल. प्रयोगाचा उल्लेख जेथे जेथे आला आहे तेथे तो कोणत्या प्राण्याच्या, कोणत्या अवयवाच्या पेशीवर झाला हेही सांगितले आहे. ती माहिती वाचताना कोणी ओलांडून पुढे जाऊ नये, एवढी विनंती.